मावळातले शक आणि त्यांचे घोडे
मुळशीतल्या रिहे खोऱ्यातून उत्तरेला निघून पवनमावळ ओलांडला की कार्ल्याचा डोंगर लागतो. तिथल्या चैत्यगृहावरच्या एका ब्राह्मी लेखात उषवदात हा दीनिकाचा मुलगा, क्षहरात घराण्यातल्या क्षत्रप नहपानाचा जावई, वलुरक, म्हणजे कार्ल्याच्याच, लेण्यातल्या भिक्षूंच्या वर्षावासासाठी करजिक नावाचे गाव देतो. नाशिकच्या एका लेखात त्याला शक म्हटले आहे. शकांचे मूळ मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत. इराणमध्ये बेहिस्तूनच्या कड्यावर इ.स.पू. सहाव्या शतकात कोरलेला, उंच टोकदार टोपीचा बंदिवान स्कुंख याच गोतावळ्यातला. घोड्यावर मांड ठोकून बाण सोडणारे लोक अशीच त्यांची जगभर ख्याती.

साहजिकच उषवदाताच्या लेखांत घोडा शोधावासा वाटतो. तो मिळत नाही. नाशिकच्या लेण्यात तीन लाख गाई, सोळा गावे, घाट, विहिरी, विश्रामगृहे आहेत. तापी, दमण, डहाणूका अशा नद्यांवर फुकट नावा आहेत. युद्धाचा प्रसंग येतो, पण उत्तमभद्रांना वेढा घालणारे मालय नुसत्या आरोळीनेच पळाले, एवढेच तो सांगतो आणि लगेच पुष्करला स्नानाला जातो. घोडदळाचा शब्द नाही.

त्याऐवजी व्याजाचा हिशेब आहे. नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, दोन हजार कार्षापणे, दरमहा शेकडा एक दराने. म्हणजे वर्षाला 240. वर्षावासातल्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा द्यायचे आहेत. वीस गुणिले बारा, बरोबर 240. दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दर पाऊण टक्का. मुद्दल परत करायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. हा हिशेब मला त्या तीन लाख गाईंपेक्षा जास्त बोलका वाटतो. गवताळ मैदानातल्या टोळीचे वारस इथे ठेवी ठेवू लागले होते.

मावळातल्याच बेडशाच्या लेण्याच्या ओसरीत स्तंभांच्या माथ्यावर घोड्यांवर बसलेली जोडपी आहेत. त्यांचा मोह आवरायला हवा. ते लेणे नहपानाच्या आधीचे मानले जाते. ते घोडे शकांच्या नावावर लावता येणार नाहीत.

घोड्यांच्या टापा ऐकू येतात त्या शत्रूच्या बाजूने. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या 18व्या वर्षी विजयी छावणीतून गोवर्धनच्या अमात्याला हुकूम पाठवला: आजवर उषवदाताच्या ताब्यात असलेले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना द्यावे. कार्ल्यालाही त्याचा हुकूम आहे, मामालच्या, म्हणजे आजच्या मावळच्या, अमात्याला. विषय तोच, करजिक गाव. राज्य उलटले, पण दानाचा प्रवाह तुटू दिला नाही. पुढे त्याचा मुलगा पुळुमावी याच्या राज्याच्या 19व्या वर्षी पुळुमावीची आजी गौतमी बलश्रीने कोरवलेल्या लेखात गौतमीपुत्र हा शक, यवन, पल्हवांचा संहारक, क्षहरातांचा निर्वंश करणारा, आणि ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले असा राजा आहे. प्रशस्तीत अतिशयोक्ती असतेच. पण 1906 साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी इथे नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राचा छाप पुन्हा मारलेला होता. काहींवर नहपानाचा चेहरा नव्या ठशाखालून अजून डोकावतो. एवढा पुरावा प्रशस्तीला पुरेसा आधार देतो.

लोककथेने घोडे आणखी पुढे नेले. पैठणच्या कुंभारवाड्यात वाढलेल्या शालिवाहनाने (सातवाहनाचेच लोककथेतले रूप) मातीचे घोडे, हत्ती, शिपाई घडवले, त्यांच्यात प्राण फुंकला आणि शत्रूवर सोडले, ही गोष्ट महाराष्ट्रात गुढीपाडव्याला आजही सांगतात. कथेत तो शत्रू कधी विक्रम असतो, कधी शक.

कालगणना मात्र शकांकडेच राहिली. इ.स. 78 पासून मोजले जाणारे हे वर्ष पश्चिमी क्षत्रपांनी चालवले. बदामीच्या पहिल्या पुलकेशीच्या लेखात ते शके 465 असे आहे आणि तिथे शालिवाहनाचे नावही नाही. ते नाव जोडले गेले सुमारे सात शतकांनंतर, यादवकाळात. 22 मार्च 1957 रोजी भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू केली, ती चैत्र 1, शके 1879 या दिनांकाने.