जुनी होण्यापूर्वीच पाडलेली वास्तू

मराठवाड्यात १९७२ हे साल उच्चारले की दुष्काळाची आठवण निघाल्यावाचून राहत नाही. नांदूरघाटाचा परिसर काय किंवा अवघा बीड जिल्हा काय, त्या काळी सहस्रावधी हात दुष्काळी कामांवर खडी फोडीत होते. त्याच साली तिकडे राजधानीत, प्रगती मैदानावर, खडी, वाळू व सिमेंट यांचेच एक नवल आकारास येत होते. स्वातंत्र्यास पंचवीस वर्षे पुरी झाली म्हणून दिल्लीत आशियाई व्यापार प्रदर्शन भरावयाचे होते. त्यासाठी बांधलेल्या या वास्तूस 'हॉल ऑफ नेशन्स', म्हणजे राष्ट्रांचे दालन, असे नाव मिळाले. १९७२ च्या नोव्हेंबरात ती लोकांस खुली झाली आणि २०१७ च्या एप्रिलात जमीनदोस्त झाली. तिचे अवघे आयुष्य पुरते पंचेचाळीस वर्षांचेही भरले नाही. हा अल्पायुषी इतिहास पाहण्याजोगा आहे, कारण त्यात एका इमारतीपेक्षा मोठा प्रश्न गुंतलेला आहे.

प्रथम तिच्या घराण्याविषयी. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये ल कॉर्ब्युझिए या वास्तुविशारदाने काँक्रीटवर गिलावा न करता, साच्याच्या फळ्यांचे वळ तसेच दिसू देण्याची पद्धत रूढ केली. अशा उघड्या काँक्रीटास फ्रेंच भाषेत 'बेतों ब्रूत' म्हणतात. त्यावरून या शैलीस 'ब्रूटलिझम' हे नाव पडले. नाव ऐकून क्रौर्याचा भास होतो, परंतु मूळ अर्थ 'कच्चे', 'अनघड' एवढाच आहे. जे साहित्य वापरले ते झाकू नये, जो भार पेलला तो लपवू नये, हे या शैलीचे ब्रीद होय. भारतात ती रुजविणाऱ्यांत कोकणातील आचरे येथे १९१६ साली जन्मलेले अच्युत कानविंदे यांचे नाव अग्रभागी आहे. कानपूरच्या आय. आय. टी.च्या इमारती ही त्यांचीच कृती.

दिल्लीचे हे दालन राज रेवाल या वास्तुविशारदाने रचिले आणि महेंद्र राज या अभियंत्याने त्याचे गणित मांडले. आकार शेंडा छाटलेल्या पिरॅमिडचा. आत सत्तर मीटरांहून अधिक रुंदीत एकही खांब नाही. त्रिकोणांस त्रिकोण जोडून केलेल्या जाळीनेच सारा भार पेललेला. अशी जाळी इतर देशांत पोलादी नळ्यांची करीत. परंतु भारतात तेव्हा पोलाद महाग व दुर्मिळ होते, आणि मुदत तर थोडी होती. तेव्हा ज्या वस्तूची उणीव होती तिचा नाद सोडून, जी विपुल होती तिचा आश्रय घेण्याचे ठरले. विपुल होते ते मनुष्यबळ. जाळीचा एकेक दांडा जागेवरच साचे बांधून, मजुरांच्या हातांनी काँक्रीट ओतून घडविला गेला. गरिबीने घातलेल्या कोड्याचे हे उत्तर पाहून जगातील जाणकारांनी आश्चर्य केले. त्या जाळीतून झिरपणारा प्रकाश जुन्या राजवाड्यांतील दगडी जाळ्यांची आठवण करून देई.

पुढे चार दशके येथे जत्रा व प्रदर्शने भरली. त्यानंतर मैदानाचा कारभार पाहणाऱ्या सरकारी संस्थेने जुनी दालने पाडून तेथे विशाल संमेलनगृह बांधण्याची योजना केली. तिची बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. जागा मोक्याची, गरजा वाढलेल्या, आणि नव्या प्रकारची संमेलने जुन्या दालनांत सामावणे कठीण. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, नवे अवश्य बांधावे, परंतु विस्तीर्ण मैदानात हे एक दालन राखूनही ते साधेल. देशोदेशींच्या वास्तुकला संस्थांनी विनवण्या केल्या. स्वतः रेवाल न्यायालयात गेले. तथापि दिल्लीच्या वारसा समितीने दंडक घातला की साठ वर्षे न झालेली इमारत वारसा म्हणून विचारातच घ्यावयाची नाही. उच्च न्यायालयाने २० एप्रिल २०१७ रोजी याचिका फेटाळली. तीनच दिवसांनी, २३ तारखेच्या रविवारी रात्री, यंत्रे चालू झाली आणि सकाळी तेथे ढिगारा उरला. त्या मैदानावर २०२३ साली 'भारत मंडपम' उघडला व त्याच वर्षी तेथे जी-२० राष्ट्रांची परिषद भरली.

येथे चंडीगडची गोष्ट आठवते. महेंद्र राज यांनी तरुणपणी तेथील उच्च न्यायालय व सचिवालय यांच्या बांधणीत काम केले होते. सचिवालय म्हणजे शेकडो कारकुनांची कचेरी, उघड्या काँक्रीटची. तिच्या शेजारचे विधानभवन तर १९६० नंतर पुरे झाले. या साऱ्या समूहास युनेस्कोने जुलै २०१६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान दिला. म्हणजे जे विधानभवन दिल्लीच्या दंडकाने विचारासही अपात्र ठरले असते, ते जगाने शिरोधार्य मानिले. आणि त्यानंतर वर्षही लोटले नाही तोच त्याच कुळातील दुसरी वास्तू रातोरात पाडली गेली. वयाच्या मोजपट्टीने गुण मोजता येत नाहीत, हे याहून स्पष्ट कशाने व्हावे?

हा केवळ आपल्या देशाचा दोष आहे असेही नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना प्रांतात पॉल रुडॉल्फ या वास्तुविशारदाने बरोज वेलकम या औषध कंपनीसाठी बांधलेली काँक्रीटची प्रसिद्ध कचेरी १९७२ सालचीच. तीही २०२१ साली पाडली गेली. आजोबांचे घर जुने म्हणून पूज्य, नातवाचे नवे म्हणून प्रिय. मधल्या पिढीच्या घरास मात्र कोणी वाली नसतो.

बीडची खजिना विहीर निजामशाहीच्या काळातील. चार शतके लोटली तरी तिची कीर्ती टिकून आहे. परंतु तीही एके काळी पंचेचाळीस वर्षांचीच होती. त्या वयात तिला कोणी नवी म्हणून बुजविली असती, तर आज तिचे प्राचीनत्व सांगावयास काय उरले असते? जुने आपोआप होत नाही. एका पिढीने ते मधल्या वयात सांभाळावे लागते. दिल्लीच्या मजुरांनी डोक्यावर घमेली वाहून जे उभारले, ते सांभाळण्याची पाळी पुढच्या पिढीवर होती. ती तिने चुकविली, आणि चुकलेली पाळी वास्तूंच्या बाबतीत पुन्हा येत नसते.