गडचिरोलीची नोंदवही
ज्या मृत्यूची नोंद नाहीं, त्यावर राज्यकर्त्यांना उपायहि सुचत नाहीं. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचें शास्त्र शिकलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलींत प्रथम नवजातांचे मृत्यू मोजले. मग १९९५ पासून ३९ गांवांत, शिकवून तयार केलेल्या गांवच्याच स्त्रिया बाळाचें वजन घेऊं लागल्या, जंतुदोष ओळखून औषध देऊं लागल्या. तुलनेच्या ४७ गांवांशीं ताडतां, तिसऱ्या वर्षीं नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनीं घटले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’नें तें छापलें; केंद्र सरकारचें धोरण २०११ सालीं आलें. आज आळंदीच्या परिसरांत आशाताई बाळंतिणीच्या दारीं येते, ती त्या नोंदवहीमुळें. पडताळणी हवीच, पण मधल्या बारा वर्षांत जन्मलेल्या अर्भकांना थांबतां येत नव्हतें.