चित्र-संपादनासाठी कोणती आवृत्ती?

संगणकावर छायाचित्रे सुधारायला शिकताना पहिला प्रश्न पडतो तो हा : आज्ञावलीची कोणती आवृत्ती घ्यावी? उत्तरासाठी आपण थोडे मागे जाऊ.

मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ साली करड्या छटांची चित्रे पडद्यावर दाखवणारी एक आज्ञावली लिहिली. भाऊ जॉन यांच्या साथीने तिचेच पुढे फोटोशॉप झाले. १९९० च्या पहिल्या आवृत्तीतच चित्राचा हवा तो भाग निवडणे, उजळपणा व रंग बदलणे शक्य होते. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेयर' आले. हे जणू एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद. वरच्यावर खाडाखोड केली तरी खालचे चित्र शाबूत राहते. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत अनेक पायऱ्या मागे जाण्याची सोय झाली.

म्हणजे नवशिक्याला लागणाऱ्या मूळ कल्पना १९९८ पर्यंत तयार होत्या. शिकण्याचा क्रमही हाच ठेवावा.

२०१३ पासून फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या वर्गणीवर मिळू लागल्या. शाळेला ती परवडली नाही, तर चोरीच्या प्रतीचा मोह होतो. त्याची गरज नाही. बर्कलेतील विद्यार्थी स्पेन्सर किम्बॉल व पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये सुरू केलेली 'गिंप' ही आज्ञावली मोफत आहे आणि तिच्या प्रती वाटणेही कायदेशीर आहे. वरील साऱ्या सोयी तिच्यात आहेत. विंडोज ७ चा जुना संगणक असेल तर २०१८ ची २.१० ही आवृत्ती घ्यावी. विंडोज १० किंवा पुढचा असेल तर २०२५ ची ३.० चालेल.

आवृत्ती आपल्या यंत्राला झेपणारी हवी; शिकायच्या कल्पना दोन्हींत त्याच आहेत.