ओळखपट्टी (जुनी संग्राह्य वाहने)

ओळखपट्टी : मोटारगाडीचा कारखाना, नमुना, अनुक्रमांक आणि क्वचित बांधणीची तारीख सांगणारी, गाडीवर रिव्हेटने बसवलेली धातूची लहान पट्टी. बोलण्यात ‘प्लेट’ म्हटले की ऐकणाऱ्याला आर.टी.ओ.ची नंबरप्लेट आठवते, ती निराळी. नंबरप्लेट सरकारी नोंदणीची असते आणि गाडी कायमची परराज्यात गेली की बदलते. ओळखपट्टी कारखान्यात बसते. तिच्या जोडीला चेसिसवर आणि इंजिनावर थेट धातूत पंच केलेले नंबर असतात. जुन्या गाडीच्या खरेपणाचा निवाडा पट्टी, दोन्ही नंबर आणि कागदपत्रे यांच्या मेळावर होतो. यांत पट्टी सर्वांच्या आधी दिसते आणि तिच्यावर भरवसा सर्वांत कमी ठेवावा लागतो, कारण दोन रिव्हेट ड्रिलने उडवले की ती हातात येते आणि दुसऱ्या गाडीवर बसते.

या विषयाचा सर्वाधिक काथ्याकूट अमेरिकेतील ‘मसल कार’च्या बाजारात झाला. १९६४ ते साधारण १९७२ या काळातील, मध्यम आकाराच्या अंगावर मोठे इंजिन चढवलेल्या या गाड्या. साधी गाडी आणि तिचीच दमदार आवृत्ती यांच्या किमतींत पुढे प्रचंड अंतर पडले, आणि साधीची दमदार करून विकण्याचा धंदा उभा राहिला. पाँटिअ‍ॅक जी.टी.ओ.चे उदाहरण घ्या. १९६४ आणि १९६५ मध्ये ही स्वतंत्र गाडी नव्हती. लमाँ नमुन्यावर घेता येणारा तो जादा साज होता. त्यामुळे त्या दोन वर्षांच्या अनुक्रमांकावरून जी.टी.ओ. ओळखताच येत नाही, कारखान्याचे कागद पाहावे लागतात. १९६६ पासून काही वर्षे अनुक्रमांकाच्या सुरुवातीला २४२ आले आणि तेवढ्यापुरता हा प्रश्न मिटला. शेव्हरोलेच्या शेवेल एस.एस.चे नेमके उलट झाले : आधी वेगळा क्रमांक होता, १९६९ पासून तो जादा साज झाला. म्हणजे पट्टी अस्सल असूनही ती जे सांगतच नाही, ते विकणाऱ्याला तोंडाने सांगता येते. सतरा खुणांचा आजचा वाहन ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१ पासून सक्तीचा झाला. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वापरत नाहीत. एक आणि शून्य यांच्याशी गल्लत नको म्हणून. बहुतेक भारतीय गाड्यांचा हा क्रमांक एम.ए. ते एम.ई. यांपैकी एका जोडीने सुरू होतो; टाटांचा एम.ए.टी., मारुतीचा एम.ए.३.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात मसल कारचा शौक नावापुरताही नाही. इथे जुन्या गाडीचा विषय निघाला की तो जीप, बुलेट, ट्रॅक्टर आणि लुना यांच्याभोवती फिरतो, आणि लष्कर त्यात हटकून येते. शहरात चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र आहे, आणि डी.आर.डी.ओ.ची वाहन संशोधन व विकास संस्था (व्ही.आर.डी.ई.) आहे. फाळणीच्या वेळी ही संस्था रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून नगरला आली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ मध्ये नव्या नमुन्याची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांत तिचे नाव आहे. नवा नमुना मुळात कसा होता, याची अधिकृत साक्ष देणाऱ्या देशातील मोजक्या जागांपैकी एक अशी नगरात आहे, याची नगरकरांना फारशी कल्पना नसते.

फराहबागेजवळ १९९४ मध्ये सुरू झालेले रणगाडा संग्रहालय या नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे. तेथे सिल्व्हर घोस्टच्या चेसिसवर बांधलेली रोल्स-रॉइस चिलखती गाडी आहे. त्या काळी रोल्स-रॉइस कंपनी फक्त चेसिस व इंजिन विकत असे. वरचे अंग दुसरा कारागीर बांधी. त्यामुळे एकाच चेसिसवर आधी एक, नंतर दुसरे अंग चढले तरी गाडी तीच मानली जाते, आणि ओळख राहते ती चेसिस नंबरात. रणगाड्यांना आर.टी.ओ. नसतो. लष्करी वाहनावर वर टोक केलेला बाण, त्यापुढे खरेदीच्या वर्षाचे दोन आकडे, मग वर्गाचे अक्षर व अनुक्रमांक रंगवलेला असतो. बाण ही ब्रिटिश काळापासूनची सरकारी मालकीची खूण. रंगाचा नवा हात मारताना ओळखपट्टीही रंगून निघते, हे पट्टीच्या पथ्यावर पडते. रंगाखालची पट्टी कुणी चोरत नाही.

खरी गंमत जीपमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात एकाच आराखड्याच्या सहा लाखांहून अधिक जीप दोन कारखान्यांनी बनवल्या : विलीजची एम.बी. आणि फोर्डची जी.पी.डब्ल्यू. लष्कराने लिलावात काढलेल्या जीप शेतकरी, ठेकेदार आणि पुढाऱ्यांनी घेतल्या. त्यांचा बाणाचा नंबर पुसला गेला आणि मुलकी नंबर लागला. आज अशी जीप ‘युद्धातली अस्सल’ म्हणून समोर आली, तर जाणकार डॅशबोर्डवरच्या पट्ट्या शेवटी पाहतो. तशा पट्ट्या नव्या बनवून मिळतात, नंबराची जागा कोरी ठेवून. तो आधी बंपरखाली वाकतो. रेडिएटरखालचा आडवा दांडा नळीसारखा गोल असेल तर सांगाडा विलीजचा, उलट्या पन्हळासारखा असेल तर फोर्डचा. विलीजने अनुक्रमांकाची बारीक पट्टी डाव्या दांड्याच्या आतल्या अंगाला रिव्हेट केली. फोर्डने नंबर त्याच दांड्याच्या वरच्या बाजूस थेट पंच केला. म्हणून विलीजच्या जन्मखुणा अनेकदा हरवलेल्या असतात, फोर्डच्या गंजाखाली शाबूत सापडतात. फोर्डने आपल्या बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा एफ हे अक्षर उठवले होते. पुढची जाळीही बोलते : बहुतेक युद्धकालीन जीपना नऊ फटी, नंतरच्या मुलकी सी.जे.ला सात. महिंद्रांनी १९४७ नंतर मुंबईत जोडलेल्या आणि पुढे बनवलेल्या जीप याच मुलकी घराण्यातल्या. त्यांना नऊ फटींची जाळी लावून ‘युद्धातली’ करता येते. फटी मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला फसवायला तेवढे पुरते.

‘दोन्ही नंबर जुळतात’ ही अमेरिकी संग्राहकांची कसोटी इथे आंधळेपणाने लावू नये. फोर्ड जीपमध्ये इंजिनाचा नंबरच सांगाड्यावर उतरवत, म्हणून ते जुळायला हवेत. विलीजमध्ये इंजिन व सांगाड्याचे नंबर कारखान्यातूनच वेगळे निघत. जुळणाऱ्या नंबरांची विलीज म्हणून कुणी कौतुकाने दाखवली, तर संशय तिथेच घ्यावा. शिवाय लष्करी कार्यशाळेत इंजिने सर्रास अदलाबदल होत. फोर्डच्या सांगाड्यात विलीजचे इंजिन हा दोष नसून त्या गाडीचा इतिहास असू शकतो. ग्रामीण भागात तर पेट्रोल परवडेना म्हणून अनेक जीपमध्ये डिझेल इंजिन बसले. त्याची आर.सी.वर नोंद असेल तर तीही खरी कागदोपत्री साक्ष; नोंद नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या, वाहनातील फेरफाराविषयीच्या कलम ५२ ची अडचण.

नंबर तपासण्याची चालू रीत म्हणजे चेसिस प्रिंट. रॉकेलच्या चिंधीने वंगण पुसायचे, पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवायचा, पातळ कागद दाबून धरून शिसपेन्सिल आडवी घासायची. पांढरे आकडे काळ्या पट्ट्यात उमटतात. आर.टी.ओ.च्या दारात हे काम करणाऱ्यांची नजर तयार असते : कारखान्याचे आकडे एका खोलीचे आणि एका ओळीत येतात, हाताने ठोकलेला आकडा एका कडेला खोल, दुसऱ्या कडेला उथळ. मात्र जुन्या काळी काही कारखान्यांतही हातानेच पंच करत, तेव्हा वाकडा आकडा म्हणजे खोटा असे नाही. नंबर कानशीने घासून काढला तरी ठोक्याने खालचा धातू दबलेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तांब्याचे क्लोराइड व आम्ल यांचे द्रावण लावून लोखंडावरचा गेलेला आकडा कित्येकदा पुन्हा उठवता येतो. संग्राहकाने मात्र नंबराच्या जागी ग्राइंडर लावू नये. सुंदर रंगकामाच्या नादात गाडीचा जन्मदाखलाच घासला जातो.

कायद्याने आता अस्सलपणाला व्याख्या दिली आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ८१अ ते ८१ग हे नियम आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेले, मूळ स्वरूपात राखलेले, चेसिस, अंग वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,००० रुपये, आणि नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्ही.ए. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि संग्राहक तो ठेवतातच. १९८९ नंतर नगरला आलेल्या एम.एच.-१६ आणि श्रीरामपूरच्या एम.एच.-१७ पेक्षा त्याआधीचा तीन अक्षरी नंबर मिरवण्यात वेगळी ऐट असते. अशी गाडी रोजच्या वापरात वा धंद्यात चालवता येत नाही. मागाहून डिझेल इंजिन बसवलेली जीप या व्याख्येत बसणे अवघड.

या व्याख्येत बसू लागलेली अस्सल नगरी गाडी म्हणजे लुना. फिरोदिया कुटुंबाच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ती आणली. कारखान्यामुळे शहरात कायनेटिक चौक हे नावच पडले. पहिल्या लुनांची पन्नाशी २०२२ मध्ये झाली. पण लुना कुणी जपण्यासाठी घेतली नव्हती. दुधाचे कॅन, खताची पोती, शाळेची मुले वाहून ती झिजली, टी.एफ.आर. नमुन्याचे इंजिन सुपर नमुन्याला, सुपरची टाकी आणखी कशाला असे तिचे भाग फिरत राहिले. तिची पट्टी खोटी करण्याइतका भाव अजून आलेला नाही. अडते ते आर.सी. बुकापाशी : गाडी भंगारात गेली तेव्हा बुक ट्रंकेत राहिले, किंवा बुक हरवले आणि गाडी गोठ्यात राहिली. २०२४ मध्ये विजेवरची ई-लुना आली, तेव्हा जुन्या लुनेची विचारपूस वाढली, आणि पहिला प्रश्न ‘बुक आहे का’ हाच होता.