रिपोर्टातला आकडा आणि कलकत्त्याचा डॉक्टर

हल्ली तालुक्याच्या गावातही टेस्ट ट्यूब बेबी सेंटरचा बोर्ड दिसतो. आत बसलेल्या जोडप्याच्या हातात फाईल असते आणि फाईलीत हार्मोन्सचे आकडे. एएमएच इतकं, एफएसएच तितकं. बाई तो कागद दहावीच्या निकालासारखा धरून बसते. पास की नापास? हार्मोन्सचं हे गणित ज्याने फार लवकर सोडवलं, त्या माणसाची गोष्ट आज सांगायची आहे.

२५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमला लुईस ब्राऊन जन्मली. जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. त्याआधी एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी कित्येक वर्षं अपयश पचवलं होतं. जास्त स्त्रीबीजं मिळावीत म्हणून ते हार्मोन्सची इंजेक्शनं द्यायचे. बीजं मिळायची, गर्भही तयार व्हायचा, पण गर्भाशयात रुजायचा नाही. कारण त्या इंजेक्शनांनी पाळीच्या उत्तरार्धाचं वेळापत्रकच बिघडायचं. शेवटी त्यांनी इंजेक्शनं सोडून दिली. लघवीतलं एलएच हार्मोन दर काही तासांनी तपासत, नैसर्गिक पाळीत आपोआप पिकणारं एकच बीज त्यांनी गाठलं. त्यातून लुईस झाली.

त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, कलकत्त्यात दुर्गा जन्मली. तिच्यामागे होते डॉ. सुभाष मुखोपाध्याय. सरकारी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजीचे प्राध्यापक, एडिंबरोहून हार्मोन्सवर संशोधन करून आलेले. सोबत डॉ. सरोजकांती भट्टाचार्य आणि सुनीत मुखर्जी.

त्यांनी काय केलं बघा. हार्मोन्सची इंजेक्शनं दिली, बीजं मिळवली, गर्भ तयार केले. पण लगेच गर्भाशयात सोडले नाहीत. ते गोठवून ठेवले आणि पुढच्या एका नैसर्गिक पाळीत, शरीर पूर्वपदावर आल्यावर, आत सोडले. बियाणं कितीही चांगलं असलं तरी जमिनीला वाफसा आल्याशिवाय पेरू नये, हे आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. इंजेक्शनांच्या पाळीत इस्ट्रोजेन भरमसाट वाढतं, प्रोजेस्टेरॉन वेळेआधी चढू शकतं, आणि गर्भाशयाचं अस्तर गर्भाच्या पुढे धावू लागतं. दोघांची गाठच पडत नाही.

इंजेक्शनं देऊन टेस्ट ट्यूब बेबी अमेरिकेत झाली १९८१ मध्ये. गोठवलेल्या गर्भातून बाळ ऑस्ट्रेलियात झालं १९८४ मध्ये. आपल्या माणसाने ही दोन्ही कामं एकाच बाळात १९७८ मध्ये करून दाखवली होती.

आणि आपण काय केलं? पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. या विषयातलं फारसं काही न कळणाऱ्या मंडळींनी दावा खोटा ठरवला. जपानहून बोलावणं आलं, जायला परवानगी दिली नाही. शेवटी डोळ्यांच्या संस्थेत बदली केली. हार्मोन्सचा माणूस डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. तपन सिन्हांचा 'एक डॉक्टर की मौत' हा सिनेमा याच आयुष्यावरून सुचलेला.

पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचं ते मोठं काम, आणि देशातली पहिली म्हणून मान हर्षालाच मिळाला. मग १९९७ मध्ये आनंद कुमारांच्या हाती मुखोपाध्यायांची कागदपत्रं आली. ती वाचून त्यांनी जाहीरपणे लिहिलं की पहिला मान मुखोपाध्यायांचा. स्वतःच्या डोक्यावरचा मुकुट स्वतः उतरवून दुसऱ्याला देणारा शास्त्रज्ञ आपल्या परळच्या संस्थेत होऊन गेला, हेही आपल्याला माहीत असायला हवं.

आज जगभर बीजं काढण्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन चढलेलं दिसलं, तर अनेक डॉक्टर सगळे गर्भ गोठवतात आणि पुढच्या पाळीची वाट बघतात. म्हणजे कलकत्त्यातलीच वाट.

आता पुन्हा त्या फाईलीकडे या. एएमएचवरून अंडाशयात बीजं साधारण किती उरलीत आणि इंजेक्शनांना ते कसा प्रतिसाद देईल, याचा अंदाज येतो. मूल होणार की नाही, हे तो आकडा सांगत नाही. बीजाचा कस बाईच्या वयावर जास्त अवलंबून असतो, आणि निम्मा हिशेब नवऱ्याच्या रिपोर्टात असतो, जो बऱ्याच घरांत काढलाच जात नाही.

२०२१ च्या कायद्याने प्रत्येक सेंटरची नोंदणी सक्तीची केली आहे. यशाची शक्यता, खर्च, धोके हे सगळं जोडप्याला समजावून सांगणं हे त्यांचं कर्तव्य आहे. दागिने मोडायच्या आधी, जमीन गहाण टाकायच्या आधी, एवढं विचाराच: माझ्या वयाच्या बाईला इथे मूल होण्याची शक्यता किती? नुसती प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह येण्याची नव्हे, घरी बाळ घेऊन जाण्याची.

एका समितीने न समजून घेता निकाल दिला, तेव्हा एक माणूस गेला. घरातल्या सुनेबद्दल एका आकड्यावरून निकाल देणाऱ्या समित्या अजून घरोघरी बसतात. त्या तरी आता बरखास्त करूया.