रस्त्याची राखण आणि राखणदाराचा हिशेब

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला गुजरातच्या सीमेला लागून असलेला सुरगाणा तालुका हा देशावरून गुजरातेत उतरणाऱ्या डोंगरवाटांचा प्रदेश असून, सापुताऱ्याच्या अलीकडे उभा असलेला हातगड किल्ला याच वाटांवर नजर ठेवून आहे. घाटवाटेवर नजर ठेवणारा आणि वाटसरूकडून किंवा व्यापाऱ्याकडून जकात, म्हणजे मालाच्या ने-आणीवरील कर, घेणारा हे पूर्वी बहुधा एकाच सत्तेचे हात असत. आज वेगमर्यादा ओलांडणाऱ्या वाहनाचे छायाचित्र कॅमेरा टिपतो आणि दंडाची सूचना, म्हणजे ई-चलन, मालकाच्या मोबाइलवर येऊन पडते. राखण करणाऱ्याच्याच हाती वसुली असली की त्या राखणदाराचा हिशेब कोणी तपासायचा, हा प्रश्न मात्र यंत्राबरोबर आलेला नाही. मराठी राज्यकारभाराला तो फार पूर्वीपासून ठाऊक होता आणि त्याने त्याचे एक उत्तरही शोधले होते.

शिवकाळातील किल्ल्यांच्या व्यवस्थेत किल्ला एकट्याच्या हाती सोपवला जात नसे. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांच्यात अधिकार वाटलेले असल्यामुळे एकाच्या कामावर दुसऱ्याचे लक्ष राहत असे. पेशवाईत हेच तत्त्व मुलकी कारभारात ‘दरखदार’ या वर्गाच्या रूपाने दिसते. परगण्याचा वसूल मामलतदाराने किंवा कमाविसदाराने गोळा करावा, परंतु त्याच्या कचेरीतील दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस इत्यादी अधिकारी हे दरखदार, म्हणजे सरकारकडून नेमलेले आणि सामान्यतः वंशपरंपरेने पद धारण करणारे असावेत, अशी ती योजना होती. त्यांना कामावरून दूर करण्याचा अधिकार मामलतदारास नव्हता आणि गैरव्यवहार आढळल्यास तो वरिष्ठांस कळवणे हे त्यांचे कर्तव्य होते. वसूल करणारा आणि हिशेब तपासणारा एकाच्या मर्जीतले नसावेत, हे या योजनेचे मर्म होते.

ही योजना निर्दोष मात्र नव्हती. पेशव्यांच्या जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात ‘दरबारखर्च’ या हिशेबातील सदराची हकीकत येते. हा खर्च मुळात मंत्री आणि हिशेब तपासणारे यांना गुपचूप लाच देण्यासाठी होत असे. पुढे या रकमा ठराविक होत गेल्या आणि अखेरीस लाचेचे ते सदरही इतर सदरांसारखे रीतसर तपासले जाऊ लागले. तपासनीसाची पोटपूजा तपासल्या जाणाऱ्याच्या तिजोरीतून होऊ लागली की तपासणी कागदावर शाबूत राहूनही आतून पोकळ होते, याचा यापेक्षा बोलका पुरावा सापडणे कठीण आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने, म्हणजे ठराविक रकमेच्या बोलीवर, देण्याची पद्धत बळावली, तेव्हा तर मक्तेदाराचा सारा रोख जास्तीत जास्त वसुलीकडे वळला आणि दरखदारांचा धाक उरला नाही.

१८१८ मध्ये नाशिकचा मुलूख इंग्रजांकडे गेला, तरी सुमारे ३६० चौरस मैलांचे सुरगाणा हे देशमुख घराण्याचे छोटे संस्थान वेगळे राहिले. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे संस्थानी मुलखाला आपोआप लागू होत नसत; त्यामुळे १९१४ चा आणि १९३९ चा मोटार वाहन कायदा शेजारच्या दिंडोरी-कळवण भागांत अमलात असताना संस्थानच्या हद्दीत मात्र संस्थानचाच कारभार चाले. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन सुरगाणा नाशिक जिल्ह्यात आले, तेव्हापासून येथील वाहनालाही तोच कायदा लागू झाला जो मुंबईच्या वाहनाला लागू होता.

त्या कायद्याची जागा घेणाऱ्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात एक तरतूद आहे, जिचे महत्त्व कॅमेऱ्याच्या युगात अधिक स्पष्ट होते. १८३ व्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार, वाहन बेकायदा वेगाने जात होते हे एकाच साक्षीदाराचे मत असेल, तर ते मत एखाद्या यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक साधनाच्या आधारे काढलेल्या अंदाजावर बेतलेले असल्याखेरीज केवळ त्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही. म्हणजे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या शिपायाच्या डोळ्यांवर कायद्याने पुरता भरवसा ठेवला नाही आणि यंत्राची साथ मागितली. मात्र माणसाच्या जागी यंत्र आले की संशय संपत नाही, तो यंत्राकडे सरकतो, कारण यंत्र नीट लावले आहे का, त्याचे माप बरोबर आहे का आणि ते कोणी तपासले, याचे उत्तर यंत्र स्वतः देऊ शकत नाही.

महाराष्ट्रात मुंबईतून २०१६ मध्ये सुरू झालेली ई-चलन पद्धत पुढे राज्यभर पसरली. केंद्राने २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३६अ हे इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे कलम घातले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आणला. या नियमानुसार उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र लागते व ते दरवर्षी नव्याने घ्यावे लागते. कॅमेऱ्याआधी सूचनाफलक लावावा लागतो. उल्लंघनानंतर पंधरा दिवसांत नोटीस पाठवावी लागते आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत नोंद जपून ठेवावी लागते. धोक्याचे व वर्दळीचे राष्ट्रीय व राज्य महामार्ग, तसेच दहा लाखांवर लोकवस्तीची शहरे आणि यादीतील १३२ शहरे यांत अशी उपकरणे बसवावीत, असे नियम सांगतो. त्या यादीत नाशिक आहे. हंगामात सुरगाण्याच्या पाड्यांवरून मजूर घेऊन दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जाणारा किंवा बोरगाव-हातगड परिसरातील स्ट्रॉबेरी नाशिकच्या बाजारात नेणारा पिकअपचालक अशा रीतीने या व्यवस्थेच्या कक्षेत येतो.

या नियमात दरखदाराची जागा कोणाची, हे पाहिले असता त्रुटी दिसते. प्रमाणपत्र देणारे प्राधिकरण राज्याने नेमलेले, दंड आकारणारी यंत्रणाही राज्याचीच आणि चलनाविरुद्धची पहिली तक्रारही त्याच यंत्रणेकडे करायची असते. न्यायालयाचा मार्ग खुला असला तरी हजार-दोन हजार रुपयांच्या दंडासाठी एका दिवसाचा रोजगार बुडवणारे थोडेच असतात. एक बाजू मात्र अलीकडे सुधारली आहे. वाहनाचा वेग मोजणाऱ्या रडार उपकरणांना वैध मापन नियमांच्या कक्षेत आणून त्यांची पडताळणी व मुद्रांकन १ जुलै २०२५ पासून सक्तीचे झाले. आठवडे बाजारातील तराजूवर दुकानदार स्वतः शिक्का मारत नाही, वैध मापन खात्याचा निरीक्षक मारतो. तोच न्याय आता वेगमापकाला लागू झाला आहे.

माप तपासले म्हणजे सारी यंत्रणा तपासली असे होत नाही, हे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या अनुभवावरून समजते. मेलबर्नच्या वेस्टर्न रिंग रोडवर २००३ मध्ये डॅटसन १२० वाय या जुन्या लहान मोटारीचा वेग ताशी १५८ किलोमीटर नोंदवला गेला. ती मोटार तेवढा वेग गाठूच शकत नसल्याचे चाचणीत दिसले आणि सरकारला त्या रस्त्यावरील दंड मागे घ्यावे लागले. २०१० मध्ये ह्यूम महामार्गावर दोन ठिकाणांमधील सरासरी वेग काढणाऱ्या कॅमेऱ्यांत चूक आढळली. त्यानंतर २०११ च्या कायद्याने ‘रस्ता सुरक्षा कॅमेरा आयुक्त’ हे पद निर्माण झाले आणि निवृत्त न्यायाधीश गॉर्डन लुईस हे त्यावर पहिले नेमले गेले. हा आयुक्त कोणाचा दंड रद्द करत नाही. तो कॅमेऱ्यांची अचूकता व तक्रारी पाहतो, चौकशी करतो आणि संसदेला अहवाल देतो. २०१७ मध्ये संगणकीय विषाणू कॅमेऱ्यांत शिरला तेव्हा चौकशी त्याच्याकडेच गेली.

महाराष्ट्रात जुलै २०२५ मध्ये ई-चलनाविरुद्ध वाहतूकदारांनी संप केला आणि त्याच सुमारास कर्मचाऱ्यांनी चलनासाठी खासगी मोबाइलवर वाहनांची छायाचित्रे काढू नयेत, असे वाहतूक पोलिसांच्या वरिष्ठ कार्यालयाला बजावावे लागले. केरळात २०२३ मध्ये सुरू झालेल्या ७२६ कॅमेऱ्यांच्या कंत्राटाचा वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हा मक्त्याचा जुना प्रश्नच नव्या रूपात पुढे आला. या साऱ्यांतून कॅमेरे नकोत असा निष्कर्ष निघत नाही, कारण वेगावर आळा नसलेल्या घाटरस्त्याची किंमत जिवांनी मोजावी लागते. निघतो तो एवढाच की, राखणदाराला तपासणाऱ्याची नेमणूक राखणदाराने करू नये, त्याला हटवण्याचा अधिकार राखणदाराकडे असू नये आणि त्याचा पगार दंडाच्या वसुलीशी बांधलेला असू नये. यांपैकी पहिल्या दोन अटी दरखदारांच्या व्यवस्थेने ओळखल्या होत्या आणि तिसरी न पाळल्यामुळे ती व्यवस्था खिळखिळी झाली. मापाची तपासणी वेगळ्या खात्याकडे गेल्याने आता निम्मे अंतर तोडले गेले आहे; तक्रारींची सुनावणी आणि कंत्राटांचा हिशेब विधिमंडळाला उत्तरदायी असलेल्या स्वतंत्र पदाकडे सोपवणे हे उरलेले काम आहे.