नाव काय घालू?

मराठी मध्यमवर्गाचा इतिहास लिहायला कुणी बसलंच, तर त्याने बखरी, शकावल्या, दप्तरं सगळं बाजूला ठेवावं आणि एक शिडी घेऊन थेट आमच्या माळ्यावर चढावं. तिथे चार पिढ्यांची लग्नं एकावर एक रचून ठेवलेली आहेत. सगळ्यात तळाला आजेसासूबाईंची तांब्याची घागर, हंडा आणि दोघांनी मिळून उचलायचा बंब. त्यावर सासूबाईंची पितळेची पातेली. त्यावर गोणपाटात बांधलेलं माझं स्टील. आणि सगळ्यात वर, खोक्यातून अजून बाहेरसुद्धा न आलेला, सुनेच्या लग्नातला टोस्टर. मोहेंजोदडोला म्हणे मातीच्या थरांवरून काळ ठरवावा लागला. आमच्याकडे तेवढेही कष्ट नाहीत. प्रत्येक भांड्यावर तारीख घातलेली आहे.

भांड्यावर नाव घालणं हा आपल्याकडचा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि त्याची परंपरा थेट राजेरजवाड्यांपर्यंत जाते. राष्ट्रकूट, शिलाहार राजांनी गावं आणि जमिनी दान दिल्या त्या ताम्रपटावर कोरून. दान कुणी दिलं, कुणाला दिलं, कधी दिलं, सगळं नीट लिहायचं. आणि शेवटी, हे दान जो हिरावून घेईल त्याचं किती वाईट होईल तेही लिहायचं. आमच्या आत्याबाईंनी तांब्या दिला तोही कोरूनच. फरक एवढाच की राजाचं अख्खं गाव ताम्रपटावर मावायचं, आणि आत्याबाईंच्या यजमानांचं नाव तांब्यावर न मावल्यामुळे आडनाव बुडाखाली गेलं. शिवाय शेवटची ती शापवाणी आमच्या तांब्यावर गाळलेली आहे. ती राहायला हवी होती असं मला पुढे फार वेळा वाटलं. का, ते सांगतेच.

नावं घालण्यामागे व्यवहारही होता, नाही असं नाही. वाड्यात किंवा चाळीत कार्य निघालं की सगळ्या बिऱ्हाडांतून पातेली, पराती, झारे गोळा व्हायचे. परत जाताना कुणाचं काय हे ठरवायला नाव हवंच. पण व्यवहार तिथेच थांबत नाही. भांडीवाला विचारायचा, "नाव काय घालू?" मजुरी अक्षरावर, त्यामुळे घरात आधी बैठक बसायची. 'चि. सौ. कां.' ही तीन अक्षरं सोडण्याची कुणाची छाती नव्हती. मग देणाऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझ्या एका पातेल्यावर तर देणाऱ्याचा हुद्दासुद्धा आहे: 'निवृत्त अव्वल कारकून'. हे सगळं झाल्यावर जी जागा उरेल तिच्यात मुलीचं नाव, तेही बहुधा काठाजवळ, जिथे सांडशी लागते तिथे.

आणि तेही कुठलं नाव? आपल्याकडे बऱ्याच घरांतून लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावच बदलायचं. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनी मुलगी संपली. आहेर मात्र आधीच कोरून आणलेला! म्हणजे दुसऱ्या दिवशीपासून अस्तित्वात नसलेल्या बाईच्या नावाने पन्नास भांडी घरात यायची. सासूबाईंच्या एका पितळी डब्यावर मी चिंच लावून घासता घासता एक नाव वाचलं. मला वाटलं, कुणा शेजारणीचा डबा चुकून राहिला. त्यांना विचारलं तर जरा वेळाने म्हणाल्या, "माझाच आहे." त्या नावाने हाक मारणारं एकही माणूस तेव्हा उरलेलं नव्हतं. त्यानंतर तो डबा त्या स्वतःच घासत.

रुखवत म्हणजे मुळात खाऊ, हे आता सांगूनही कुणाला खरं वाटत नाही. लग्नाच्या आधी नवऱ्या मुलाला वधूकडून फराळाचं घेऊन जायचं, ते रुखवत. पुढे लाडू-करंज्यांना टेबल मिळालं, टेबलावर चादर आली, चादरीवर क्रोशाचा रुमाल आला, आणि रुमालावर लोकरीचा कुत्रा येऊन बसला. माझ्या रुखवतात, साल १९७४, साखरेचा बंगला होता, मण्यांचा ससा होता, आणि 'वधूने स्वहस्ते केलेले' अशी चिठ्ठी लावलेलं, समोरच्या काकूंनी केलेलं तुळशीवृंदावन होतं. खरा संसार त्यांच्या मागे रांगेने उभा होता: कळशी, परात, तपेलं, मिसळणाचा डबा, पोळपाट-लाटणं. ती रांग पाहुण्यांनी मोजायची असे. मोजतही.

आजेसासूबाईंच्या काळी ही रांग तांब्या-पितळेची होती. पेशवाईत पुण्याच्या कसबा पेठेत तांबट येऊन वसले, त्यांची तांबट आळी अजून त्याच नावाने आहे. भंडाऱ्याची पितळ विदर्भात घरोघर. ही भांडी दिसायची राजेशाही, पण ताक, चिंच, कोकम घातलं की कळकायची, म्हणून कल्हई हवी. कल्हईवाला अंगणात भाता लावायचा, भांडं तापवून नवसागराची पूड टाकायचा, कथलाची कांडी फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने असं काही पुसायचा की काळं पातेलं चांदीचं व्हायचं. आम्ही पोरं तो पांढरा धूर खात बघत बसायचो. सुंदर देखावा. पण ती अजस्र भांडी राखेने घासणाऱ्या बाईला त्यात काव्य दिसत असेल असं मला वाटत नाही. तिने स्टील पाहिल्याबरोबर पितळेचा हात सोडला, तो उगीच नव्हे.

हे स्टील निघालं बंदुकीतून. १९१३ साली इंग्लंडात शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली नावाचे गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून बघत होते. त्यातून न गंजणारं पोलाद हाती लागलं. गाव सुऱ्या करणाऱ्यांचं, त्यामुळे ते लवकरच जेवणाच्या टेबलावर आलं. आमच्यापर्यंत पोचायला त्याला दोन महायुद्धं आणि एक स्वातंत्र्य लागलं. आपल्याकडे पत्रा बराचसा परदेशातून यायचा. सेलमचा सरकारी कारखाना १९८१-८२ साली सुरू झाला. त्याआधी स्टीलची किंमत काय होती ते बोहारणीला विचारा. नवऱ्याची दोन चांगली पँट आणि एक जरीची साडी घेऊन ती एक वाडगं द्यायची, आणि वर म्हणायची, "ताई, तुमच्यासाठी म्हणून."

इतकं मोलाचं म्हणूनच ते वापरायचं नाही, असा न्याय होता. स्टीलची भांडी फळीवर उतरंडीने लावायची, पाहुण्यांना दाखवायची, आणि जेवायचं ॲल्युमिनियममधून. त्यातून आहेराला सगळ्यांना एकाच वेळी एकच वस्तू सुचण्याची आपली परंपरा. मला सात लेमन सेट आले. आमच्या घरात सरबत व्हायचं वर्षातून दोनदा, तेही फुलपात्रातून. ते लेमन सेट मग एकेक करून दुसऱ्यांच्या लग्नांत गेले. त्यातला एक, पाच वर्षांनी, खोक्यावरच्या त्याच शाईच्या डागासकट माझ्या दिराच्या लग्नात घरी परत आला.

यावर अमेरिकेत उपाय काढला आहे. शिकागोच्या मार्शल फील्ड या दुकानाने १९२४ साली वधूंसाठी यादी ठेवायला सुरुवात केली. मुलीने काय हवं ते दुकानात लिहून द्यायचं, लोकांनी त्यातलंच घ्यायचं. माझी एक भाची न्यू जर्सीत असते. तिच्या लग्नाआधी मैत्रिणींनी 'किचन शॉवर' केला. मला वाटलं, स्वैपाकघरात नळ बसवतायत. तर तो आहेरांचा वर्षाव निघाला! सगळ्याजणी एकेक स्वैपाकाची वस्तू घेऊन आल्या, वर आपापल्या हाताने लिहिलेली एकेक पाककृती. तिची आजी फोनवर ऐकून म्हणाली, "म्हणजे रुखवतच की. पण मुलीला विचारून?" हा 'विचारून' शब्द ती दोनदा म्हणाली.

विचारण्याचा मुद्दा भांड्यांपेक्षा यंत्रांना जास्त लागू. प्रेशर कुकरचा मूळपुरुष फ्रेंच, डेनिस पापँ. त्याने १६७९ साली वाफ कोंडणारं भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीत दाखवलं. तीन वर्षांनी सोसायटीच्या मंडळींना त्यात शिजवलेलं जेवण घातलं. कठीण हाडं खव्यासारखी मऊ झालेली पाहून विद्वान थक्क झाले. भांडं फुटू नये म्हणून वाफेला वाट करून देणारी झडपही त्याचीच. आपली शिट्टी त्या झडपेची नात. आपल्याकडे १९१० साली कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिकांनी इकमिक कुकर काढला होता, पण तो कोळशावर तासन् तास रमतगमत शिजवणारा. १९५९ साली हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोन्ही इथे बनू लागले, आणि वरण, भात, बटाटे एकावर एक बसून वीस मिनिटांत बाहेर येऊ लागले. मिक्सरची कथा आणखी आपली. सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरच्या घरचा जर्मन मिक्सर आपल्या वाटणापुढे जळून गेला, तेव्हा त्यांनी आपल्या चटण्यांना पुरा पडेल असा 'सुमीत' केला, १९६३ च्या सुमारास. पाट्यावर पुरण वाटलेल्या कुठल्याही बाईने या दोघांना शनिवारवाड्यासमोर पुतळा द्यायला हरकत घेतली नसती.

माझ्या आईने लग्नात मला कुकर दिला, त्यासाठी तिने वर्षभर भिशी लावली होती. तो कपाटात गेला. "कुकरचा भात पोटाला बाधतो," असा घरचा सिद्धांत होता, शिवाय "फुटला म्हणजे?" चार वर्षं मी चुलत घराण्यातल्यासारखी त्याच्याकडे लांबून बघत होते. १९७८ साली नणंदेचं लग्न ठरलं आणि कुकर कपाटातून निघाला तो तिच्या रुखवतात. "घरातलंच आहे, घरातच जातंय." झाकणावरचं माझं नाव भांडीवाल्याने कानशीने घासून काढलं आणि तिचं घातलं. 'चि. सौ. कां.' एवढं मात्र तसंच ठेवलं. ते सगळ्याच मुलींना चालतं; तेवढीच तीन अक्षरांची मजुरी वाचली.

भांडणाला जागाच नव्हती, कारण असं काही माझं असतं हेच मला कुणी सांगितलेलं नव्हतं. वास्तविक मनूसुद्धा स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगून गेला आहे. अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, आई-बाप-भावांनी दिलेलं. स्मृती आमच्या घरात पूजेला होती. ती कपाटात कुकरच्या शेजारी होती.

माझा कुकर गेला, त्याचं मी आज हसून सांगते. त्याच सुमाराला वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी यायची: स्टोव्हचा भडका उडून विवाहिता मृत. स्टोव्ह तोच, ज्यावर सासू तीस वर्षं चहा करत होती. भडका सुनेच्या वेळी उडायचा. पहिल्यांदा आम्ही 'अरेरे' म्हणून पान उलटलं. मग बायका रस्त्यावर आल्या आणि त्या चार ओळी पहिल्या पानावर गेल्या. हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचाच; पण १९८३ साली छळाचं ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं. मधे १९८५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बाईचं स्त्रीधन सासरी ठेवलं तरी ते तिचंच. नवरा फार तर राखणदार.

त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून सरकारने एक नियम लागू केला, आणि तो वाचून मला आमची भांडी आळी आठवली. वधूला आलेल्या भेटींची यादी करायची. वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर नातं. खाली वधूवरांच्या सह्या. यादी वधूने स्वतःजवळ ठेवायची. मार्शल फील्डची यादी काय हवं याची, ही काय तिचं याची. मी आजवर जेवलेल्या शेकडो लग्नांत अशी यादी कुणाकडे पाहिली नाही. मानपानाच्या याद्या मात्र फुलस्केप कागदावर असतात.

लेकीच्या लग्नात, २००३ साली, ती मी केली. त्याआधी भांडी घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने मशीन हातात घेऊन नेहमीचा प्रश्न विचारला. मी फक्त तिचं नाव सांगितलं, पाळण्यातलं.

"पुढे?"

"पुढे काही नाही."

"साहेबांचं?"

आमचे हे तोवर पंख्याकडे बघत होते. त्यांनी पंख्याकडेच बघत "काही नाही" म्हटलं.

दुकानदाराने अक्षरं मोजली, आणि दिवस वाईट आले आहेत अशा चेहऱ्याने मशीन सुरू केलं.

लग्न झाल्यावर यादी पुढे केली तेव्हा विहीणबाई हसून म्हणाल्या, "अहो, आपण काय परके का?" जावई इंजिनियर. त्याने कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून नीट वाचत गेला. प्रेशर कुकर, पाच लिटर, एक. मिक्सर, तीन भांड्यांसह, एक. वाट्या, बारा. लेमन सेट, चार. तिथे तो थांबला, पेन उघडलं आणि सही करता करता म्हणाला, "हे चारही तिचेच ना? नक्की?"